जीपच्या अ‍ॅव्हरेजची लेखी तक्रार

१६ नोव्हेंबर, रविवार
जेवताना जीपच्या अ‍ॅव्हरेजचा विषय पुन्हा काढला. ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, "तोंडी तक्रार चालत नाही. लेखी द्या."
आयुष्य फौजेत, नंतरची वर्षं फॅक्टरीच्या गेटवर सिक्युरिटीत. ते असंच बोलणार. मीही बेअरिंगच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. लेखी द्यायची सवय मला नवीन नाही. म्हणून आजपासून लिहिते.
वस्तुस्थिती: जीप पेट्रोलवर, फोर बाय फोर, चौदावं वर्ष चालू. पंधरा झाली की इथे दिल्लीच्या पट्ट्यात रस्त्यावर आणता येणार नाही. म्हणजे हा हिवाळा आणि पुढचा. पूर्वी लिटरला अकरा द्यायची. गेल्या उन्हाळ्यात टायरवाल्या भाटीने हे आडदांड टायर गळ्यात मारले. तेव्हापासून उतरत उतरत सात.
पेट्रोलचा काटा भरवशाचा नाही. हे अंतर मोजून पेट्रोल भरतात. संक्रांतीला पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायचं, दरवर्षीप्रमाणे. हे चालवणार, सोबत कदम आणि आणखी दोन जुने फौजी. धुक्यात, ट्रकांच्या रस्त्यात पेट्रोल संपून उभं राहणं मला चालणार नाही. एवढंच.

१७ नोव्हें.
पद्धत ठरवली. टाकी फुल ते फुल. पंप एकच, मशीनही तेच. नॉझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं. पंपावरचा माणूस राउंड फिगर करायला निघाला होता. नको म्हटलं. पुढे 'फु-फु' एवढंच लिहीन.
ह्यांचं मत: पंपवाले कमी देतात.
भाटीचं मत: "मैडम, जीप है. पेट्रोल नहीं पिएगी तो क्या लस्सी पिएगी?"
दोन्ही मतं पुराव्याशिवाय.

२० नोव्हें.
आज उलगडलं थोडं. ह्यांनी मोठे टायर चारच घेतले होते. मागे लटकलेली स्टेपनी जुन्या मापाची. (पंक्चर झालं असतं म्हणजे एक चाक बुटकं. हेही त्यांच्या लक्षात आणून दिलं.)
टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, जीप एक वेढा पुढे घेतली, टेपने मोजलं. मग स्टेपनी काढून गल्लीतून हाताने लोळवली. खुराणाबाई गॅलरीतून, "पंक्चर हो गया क्या?" मग मिस्टर खुराणाही बाहेर आले. मग त्यांचा कुत्रा.
नवा टायर एका वेढ्यात जुन्यापेक्षा साधारण दहावा हिस्सा जास्त जातो. मीटरला ते कळत नाही. तो जुन्या चाकाचाच हिशेब लावतो. जीप दहा किलोमीटर गेली की हा नऊ दाखवतो. म्हणजे सात आले ते खरे पावणेआठ. आणि काटा साठ दाखवतो तेव्हा आपण साठाच्या वर असतो. हे कळायला आपल्याला पाच महिने लागले.
ह्यांना दाखवलं. खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "म्हणजे तक्रार मागे?"
अंशतः, म्हटलं.

२३ नोव्हें., रविवार
ऋतुजा आली नोएडाहून. तिच्याकडून आणि ह्यांच्याकडून टपावरचं लोखंडी कॅरिअर उतरवून घेतलं. वर्षभरात त्यावर एक ताडपत्री सोडून काही ठेवलेलं आठवत नाही. वजन भरपूर, शिवाय वाऱ्याला आडवं.
ऋ. हात झटकत, "मम्मी यार, बेच दो ना ही गाडी. इलेक्ट्रिक घ्या एक छोटी." मी म्हटलं विकण्याचा विषय नाही, काटकसरीचा आहे. तिला 'काटकसर' शब्द माहीत नव्हता. कंजूसी का, म्हणाली. दोन्हीत फरक आहे, म्हटलं. तिने बापाकडे बघितलं. दोघं हसली.

२७ नोव्हें.
हवा. भाटीने फार कमी ठेवली होती. म्हणे मोठा टायर मऊच हवा, डोंगरात पकडतो. आम्ही डोंगरात जातो वर्षातून दोनदा, मांगरकडे, तेही चहा प्यायला. थंड टायरला, सकाळी, घरच्या गेजने मोजून हवा वाढवली. गेज नवीन घेतला. भाटीच्या गेजमध्ये आणि माझ्यात एकमत नाही.
एअर फिल्टर बदलला. काळा.
दुसरं. पुढच्या चाकांचे हब 'लॉक'वर होते. मांगरला लावलेले तसेच. म्हणजे फोर बाय फोर नको असतानाही पुढचं सगळं यंत्र फिरत राहणार आणि पेट्रोल खाणार. हाताने फिरवून 'फ्री' करायचे असतात, चाकाशी उकिडवं बसून. हे कधी विसरत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "विसरलो नाही. खाली बसायला पाय साथ देत नव्हता. म्हटलं राहू दे."
मी फिरवले.

४ डिसेंबर
पहिला निकाल. मी चालवली, चार दिवस, बल्लभगढ आणि पलवलपर्यंत. साठाच्या आत, दुरुस्त काट्याने. मीटरची चूक धरून फु-फु: दहा.
मोठ्या टायरवर दहा म्हणजे पास. ह्यांना सांगितलं. खूष झाले. "इन्स्पेक्टर, शिक्का मारा आता." संध्याकाळी फोनवर कदमांना सांगत होते, बायकोने जीप नवी केली. कदम हे ह्यांचे जुने हवालदार. मुलगा फौजेत, त्याच्याकडे दिल्ली कँटात राहतात. काला अंबचा कार्यक्रम ह्या दोघांचाच. जिथे इतके गेले तिथे आपण वर्षातून एकदा जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यात असतं. भाषणं दुसरे करतात.

९ डिसें.
ह्यांनी पाच दिवस चालवली. फु-फु: आठ.
रस्ते तेच. हवा तीच, रोज मोजलेली. हब फ्री.
ह्यांचं स्पष्टीकरण: ट्रॅफिक, थंडी, बल्लभगढचा बाजार. मी म्हटलं थंडी मलाही होती. तर म्हणाले, "तू मुंगीसारखी चालवतेस."
मुंगीसारखं चालवून कुणी उशिरा पोचलेलं नाही.

११ डिसें.
हे मार्केटहून परत आले तेव्हा मी गेटपाशीच होते. पुढच्या चाकाजवळ वास. हात जवळ नेला, धरवेना. काल मी तेवढंच अंतर जाऊन आले तेव्हा चाक नुसतं कोमट होतं.
ब्रेक जाम असणार. भाटीकडे नेली. चाकं उचलून हाताने फिरवायला लावली. चारही मोकळी फिरली. तरी भाटी, "पूरा सेट बदल दो मैडम, टेन्शन खत्म." मोकळं फिरणारं चाक बघूनही सेट विकणारा माणूस. नको म्हटलं.
मी चालवते तेव्हा गार, हे चालवतात तेव्हा तापतं. ब्रेक एकच. याचा अर्थ लागत नाही.

१४ डिसें., रविवार
गुरुग्रामला लग्न. हे जीपमधून पुढे, मी ऋ.च्या गाडीत मागे. तिलाच तसं हवं होतं, कुणीतरी बोलायला.
सूरजकुंड रस्ता ओलांडायच्या आतच ऋ. वैतागली. पापांच्या जीपचे मागचे लाल दिवे सारखे चालू. चढावरही चालू. "हे ब्रेक मारतायत की नाही, कसं कळणार मला? पागल कर दिया." दोनदा तिने कचकन ब्रेक मारला आणि पुढे काहीच नव्हतं. एकदा तिने मारला नाही आणि जीप खरोखर थांबत होती.
लग्नात हे म्हणाले दिव्याचा स्विच गेला असेल.

१५ डिसें.
सकाळी जीप भिंतीला पाठ करून लावली. ब्रेक दाबला, भिंतीवर लाल. सोडला, गेलं. पुष्कळ वेळा करून पाहिलं. स्विच उत्तम.
म्हणजे दिवे खरं बोलत होते.

१६ डिसें.
बँकेत जायचं म्हणून शेजारी बसले. रस्त्याकडे बघायच्याऐवजी त्यांच्या पायांकडे बघितलं.
उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. पूर्ण दाबलेला, नाहीतर पूर्ण सोडलेला. मधलं काही नाही. डावा पाय ब्रेकवर टेकलेला, सतत. गिअर बदलताना डावा क्लचवर उडी मारतो आणि लगेच परत ब्रेकवर येतो. म्हणजे ब्रेक अर्धवट लागलेला आणि इंजिन त्याच्याविरुद्ध ओढतंय. लिटरमागचे दोन किलोमीटर असे चाकाच्या उष्णतेत जात होते.
हे फौजेत एम.टी.त होते. गाड्यांची तुकडी. रिक्रूटना ड्रायव्हिंग शिकवायचे. कुणाचा डावा पाय ब्रेकवर दिसला की नडगीवर छडी. स्वतः सांगायचे, हसून. त्यांच्याकडून मी शिकले, माझ्याही नडगीवर बसली आहे. छडी नव्हती, छत्री होती.
तेव्हा ही सवय नाही. कशाची तरी सोय आहे.
परत येताना मी चालवते म्हटलं, किल्ली लगेच दिली. ते जास्त खटकलं.

१८ डिसें.
दुपारी हे बाहेरून आत आले, डाव्या पायात चप्पल, उजव्या पायात नुसता मोजा. उजवी चप्पल पायरीवर राहिलेली. त्यांना माहीत नव्हतं.
बसा म्हटलं. मोजा काढला. उजव्या तळव्याला, अंगठ्याखाली, भाजल्याचा फोड. फुटून सुकत आलेला. संध्याकाळी हीटरपुढे पाय करून बसतात.
"हे कधी झालं?"
"काय?"
साखर बारा-पंधरा वर्षांची आहे. गोळ्या घेतात. पायांना मुंग्या येतात म्हणायचे मध्यंतरी, मग म्हणायचे बंद झाले. मला वाटलं मुंग्या थांबल्या.
मलम लावलं. ते पेपर वाचत होते.

२० डिसें.
लेखी दिली. कोरा कागद, घडी न घालता, चहाबरोबर.
मजकूर असा: जीपचा दोष उरलेला नाही. अ‍ॅव्हरेजमधला राहिलेला फरक चालकामुळे आहे. चालकाच्या उजव्या पायाला पेडल कळत नाही, म्हणून तो डाव्या पायाने ब्रेक धरून ठेवतो. मागच्या गाडीला तो कधी थांबणार हे कळत नाही. तो स्वतः वेळेवर थांबू शकेल याची खात्री नाही. संक्रांतीला जीपमध्ये चार माणसं असतील आणि बाहेर धुकं. तपासणी पूर्ण होईपर्यंत चालकाने चालवू नये. सही, तारीख.
त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा. खाली लिहिलं, 'पाहिलं.' सही केली आणि कागद परत दिला.
चहा संपवला. कप स्वतः आत नेऊन ठेवला. तसं ते करत नाहीत.

२२ डिसें.
बोलणं नाही. म्हणजे बोलतात. भाजी, दूध, लाइट बिल. ऋ.चा फोन आला तर तिच्याशी नेहमीसारखे. "तुझी आई मला डिस्मिस करतेय," म्हणाले. ती हसली असावी.

२४ डिसें.
गच्चीत ऊन बरं होतं. हे वर आले, समोर बसले. म्हणाले, "पायाला कळत नाही, हे तुला कसं माहीत? पुरावा?"
योग्य प्रश्न. इन्स्पेक्शनला मीही हाच विचारला असता.
डोळे मिटा म्हटलं. त्यांनी मिटले. बॉलपेनचं टोपण घेतलं. डाव्या अंगठ्याला लावलं. "हां," म्हणाले, लगेच. डाव्या टाचेला लावलं. "टाच." करंगळीला. "करंगळी." आवाजात थोडी ऐट.
मग उजवा.
डोळे मिटलेलेच. वाट बघत होते. "लाव ना."
"लावलंय."
"कुठे?"
"अंगठ्याला. आता तळव्याला."
"परत लाव. जोरात."
जोरात लावलं. टोपणाचा वळ उठला. त्यांचा चेहरा हलला नाही. डोळे उघडून त्यांनी माझा हात कुठे आहे ते बघितलं. मग मोजा मागितला. मी घालू लागले तर म्हणाले, "दे, मी घालतो." घालताना टाच उलटी गेली. मी सरळ करून दिली नाही.

२७ डिसें.
डॉक्टर. मद्रासी बाई, तरुण, मोजकं बोलतात. मला आवडल्या. काटा टोचून पाहिला, कंप पावणारं एक लोखंडी चिमट्यासारखं हाडाला लावून पाहिलं. साखरेने पायांच्या नसा गेल्या आहेत, उजव्याच्या जास्त. गोळ्या बदलल्या. हीटर बंद. अनवाणी चालायचं नाही. बूट वेगळे. रोज तळवा बघायचा.
ह्यांनी विचारलं, "और ड्राइविंग?"
त्या म्हणाल्या फिलहाल बिल्कुल नहीं. साखर ताब्यात आली तर पुन्हा तपासू. सुधारेल का, हे आज सांगता येत नाही.
बाहेर आल्यावर हे म्हणाले, "फिलहाल म्हणाली."
"बिल्कुल नहीं पण म्हणाली."
दोघांनी एकच वाक्य ऐकलं, अर्धं अर्धं वाटून घेतलं. रिक्षाने घरी.

२ जानेवारी
भाटीला विचारलं, जुन्या मापाचे चार टायर मिळतील का. मिळतील म्हणाला, पण तोंड असं केलं जसं काही मी बैलाची शिंगं कापायला सांगतेय. "मैडम, सर का शौक है."
घरी विषय काढला. हे म्हणाले, टायर काढायचेत तर काढ. मग थोड्या वेळाने, "संक्रांतीनंतर काढ." त्या तिघांनी हे टायर अजून पाहिलेले नाहीत. फोटो पाठवले होते, त्यावर कदमांनी लिहिलं होतं, 'साहेब, रणगाडा.'
संक्रांतीपर्यंत राहू दे, म्हटलं. अ‍ॅव्हरेज एकाने कमी आलं तरी चालेल.

६ जाने.
कदमांचा फोन. स्पीकरवर होता. किती वाजता न्यायला येणार, कुठल्या गेटला उभे राहू. हे म्हणाले, "मी आणतोय ना जीप. पहिल्या गेटला थांबा."
मी भाजी निवडत होते. फोन ठेवू दिला. मग सांगितलं, "मी चालवीन, नाहीतर जीप जाणार नाही."
"मग जीप जाणार नाही."
"ठीक."
"त्यांना काय सांगू? पायाची गोष्ट सांगू?"
ते तुम्ही ठरवा म्हटलं. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

१० जाने.
जीप धुतली त्यांनी. टायरना काळं पॉलिश. स्टेपनीलाही.
नंतर बराच वेळ आत बसून होते, इंजिन बंद. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. बूट-मोजे काढून ठेवलेले. अनवाणी पायाने पेडल दाबत होते. अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक. उजवा पाय उचलून न्यायचे, मग खाली वाकून बघायचे, बरोबर पडला का. परत. एकदा दोन्हीच्या मध्ये पडला. तिथेच दाबत राहिले.
अनवाणी बसायचं नाही असं डॉक्टरने सांगितलंय, हे सांगायला मी खाली गेले नाही. आत आल्यावर तळवा बघितला. ठीक.

१२ जाने.
प्रस्ताव आला. तोंडी. पानिपतपर्यंत मी चालवायची. स्मारकाच्या आधीच्या वळणावर थांबायचं, ते स्टिअरिंगवर बसणार, फक्त शेवटचा तुकडा. फर्स्ट गिअर. गेटपर्यंत. तिथे ओळखीचे लोक असतात, महाराष्ट्रातून आलेले, दरवर्षीचे. त्यांनी बघितलं की परत मी.
"गर्दी नेमकी त्या तुकड्यात असते. पोरंबाळं असतात."
"फर्स्टमध्ये आहे गं."
"फर्स्टमध्ये पाय ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला तर?"
माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.
नाही म्हटलं.

१३ जाने.
भोगी. बाजरीची भाकरी, तिळाची. भाजीला इथे पावटा मिळत नाही, मटार घातले. जेवताना म्हणाले, "सकाळी लवकर निघू. धुकं असेल."
निघू म्हणाले. पुढे मी काही विचारलं नाही. हवा मोजून ठेवली. टाकी फुल.

१४ जाने., संक्रांत
अंधारातच निघालो. मी स्टिअरिंगवर, हे शेजारी. धुकं एवढं की बॉनेटच्या पुढे काही नाही.
कँटच्या गेटला कदम आणि दोघं उभे. कानटोप्या, मफलर, तिघांचे बूट चकचकीत. मला ड्रायव्हरच्या जागी बघून कदम क्षणभर थांबले. टायरना हात लावून बघितला. मग मागचं दार उघडत म्हणाले, "वहिनी, आज साहेबांना सुट्टी का?"
ह्यांनी मागे न वळता सांगितलं, "पाय काम करत नाही माझा. उजवा. साखरेने. डॉक्टरने बंद केलंय."
मग दोघांतले एक, जगताप, म्हणाले त्यांचा एक डोळा गेलाय, तरी स्कूटर चालवतात, घरच्यांना माहीत नाही. कदम म्हणाले, जगताप, हे वहिनींसमोर बोललास, आता लेखी द्यावं लागेल. हसले सगळे. म्हणजे माझी कीर्ती कँटापर्यंत पोचलेली आहे.
कर्नाल रोडला ट्रकमागे ट्रक. हे काच खाली करून डावी बाजू बघत होते. "डावीकडे मोकळं. हळू. पुढे ट्रॉली, दिवा नाही त्याला. आता घे." त्यांचं बोलणं बरोबर होतं, दर वेळेला. मी एकटी असते तर थांबून राहिले असते.
स्मारकाच्या वळणावर ते म्हणाले, "थांब."
माझा हात किल्लीवर गेला. म्हटलं आता इथे सगळ्यांसमोर स्टिअरिंग मागणार. तोवर त्यांनी आपलं दार उघडलं होतं. खाली उतरले, तोल सावरला, जीपला वळसा घालून पुढे जाऊन उभे राहिले. धुक्यात, बॉनेटपासून चार पावलांवर. उजवा हात वर केला. मागे न बघता हात पुढे टाकला, चला.
एम.टी.त असंच करतात. रस्ता दिसत नसला की एक माणूस पायी पुढे चालतो आणि कॉन्व्हॉय त्याच्या हातावर चालतो. लग्नानंतर सुरुवातीला डोंगरातल्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगायचे त्यात हे असायचं.
फर्स्ट गिअर. ते चालत होते, उजवं पाऊल जरा उशिरा टाकत, जमिनीवर आपटून. हात वर. लोक बाजूला होत होते. पुण्याकडची काही मंडळी भगवे फेटे बांधून उभी, त्यांनीही वाट दिली. कुणीतरी मोबाइल काढला. मागे कदम ताठ बसले. तिघंही.
गेटपाशी त्यांनी दोन्ही हात आडवे केले. मी थांबले. ब्रेकवरचा पाय बराच वेळ काढला नाही.
तिळगूळ वाटला. ह्यांनी एक खाल्ला, बघितलं मी, तेवढा चालू दिला.

१५ जाने.
तळवा बघितला. डाव्या टाचेला थोडं घासलंय, उजवा ठीक. बूट चांगले निघाले.
फु-फु: साडेनऊ. मधला बराच वेळ फर्स्ट गिअरमध्ये गेला त्यामानाने चांगलं. त्यांनी स्वतः विचारलं किती आलं. सांगितलं. "तक्रार निकालात काढायची का मग?" म्हणाले.
संध्याकाळी टेबलावर सगळं आणून ठेवलं. नोंद करून ठेवते.
मिळालं: जीपची किल्ली, एक. साखळीतला रेजिमेंटचा बिल्ला त्यांनी काढून घेतला. तो जीपचा नाही, म्हणाले. आरसी, इन्शुरन्स, पोल्यूशनचा कागद. जॅक आणि पाना.
दिलं: हवेचा गेज. रोज सकाळी हवा मोजणं आणि टायर बघणं आजपासून त्यांच्याकडे.
डुप्लिकेट किल्ली: मिळाली नाही. विचारलं. म्हणाले, डॉक्टर परत बघणार आहेत ना, तोवर माझ्याकडे असू दे. कुठे ठेवली आहे ते सांगितलं नाही.
मी मान्य केलेलं नाही. मागूनही घेतली नाही.